डाव्या दारावरची पाणीटंचाई

२३ मार्च, रविवार
गाडी घेतली. नांदेडला. सेकंडहँड, पण आरशासारखी. क्रीम रंग.

कागद दोन तास तपासले. आर.सी. बुक, विमा, टॅक्सच्या पावत्या. मूळ मालक कुणी ठेकेदार, त्याचं ना-हरकत पत्र, दोन्ही सह्यांचा मेळ. एके ठिकाणी तारखेवर खाडाखोड होती, तिथं नव्यानं सही घेतली. दलाल घामाघूम. म्हणाला, "अप्पा, वीस वर्षं गाड्या विकून राहिलो, असं गिऱ्हाईक न्हाई पाहिलं." तेहतीस वर्षं शिक्षण खात्यात काढली, शेवटची बारा हेडक्लार्क म्हणून. ती काय झोपा काढत?

गाडी पाच मिनिटं पाहिली. गाडीत बघायचं काय असतं?

लातूरला पोचायला संध्याकाळ. लायसन नवं, तिसऱ्या गिअरच्या पुढे गेलो नाही. सौ. दारातच उभी. "नीट बघून घेतली ना? फंडाचे पैसे हायेत." म्हटलं, "मला फसवणारा अजून जन्मायचा आहे."

२५ मार्च
पूजा. नारळ, चाकाखाली लिंबं, बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे. नंतर चौकापर्यंत चक्कर. सौ. मागे बसली, डाव्या बाजूला. पुढे ये म्हटलं तर म्हणते, "पुढं ड्रायव्हर बसतो आन् त्याच्या शेजारी क्लीनर." पन्नाशी उलटलेली बाई, तिला कोण समजावणार. गल्लीतल्या तिघांनी मान वाकवून नमस्कार केला. तिला. मला नाही.

पेन्शनची खबर नाही. निवृत्त होऊन सात महिने. लातूर नवा जिल्हा झाला, कचेऱ्यांना नवे बोर्ड लागले, माझं सेवापुस्तक मात्र उस्मानाबादेतच कुठल्या तरी गठ्ठ्यात. ते आल्याशिवाय पेन्शन नाही. रोजचा खर्च उरलेल्या फंडावर.

२९ मार्च
गाडीवर बोटभर धूळ. नळ आठव्या दिवशी, तोही अर्धा तास. सौ.कडे एक तांब्या मागितला. तिनं असं पाहिलं की जणू किडनी मागितली. मग कोरड्या फडक्यानं पुसायला घेतली. डाव्या मागच्या दारावर जरा जोर लावला आणि रंगाचा पापुद्रा फडक्याबरोबर आला. बिस्किटाएवढा. खाली पांढरा रंग, त्यावर लाल अक्षर. 'चा'.

कसला चा?

३१ मार्च
हमीदमिस्त्रीच्या गॅरेजात. त्यानं खिशातून लोहचुंबक काढलं. टपावर लावलं, चिकटलं. पुढच्या दाराला लावलं, चिकटलं. डाव्या मागच्या दाराला लावलं, ठप्पकन खाली पडलं. पुन्हा लावलं. पुन्हा पडलं.

"अप्पा, ह्या दारात लोखंड कमी, पुट्टी जास्त हाय. जोरात ठोकल्याली गाडी हाय ही. आन् वरचा रंग खालचा न घासताच मारलाय. उन्हात असाच निघत राहणार."

विचारलं, घेण्याआधी हे कळलं असतं का?

"चुंबक दोन रुपयाला मिळतंय, अप्पा."

नांदेडला दलालाला रजिस्टर पत्र टाकलं, पोच देय. मुद्दे एक ते अकरा. सौ.ला काही सांगितलेलं नाही. कोणत्या तोंडानं सांगू?

३ एप्रिल
आता 'चाई' दिसतं. गाडी डावी बाजू भिंतीला चिकटवून लावतो. सौ. म्हणाली, मग मी बसू कुठून? म्हटलं, उजव्या दारानं चढणं शुभ असतं. "कुणी सांगितलं?" म्हटलं, आहे तसं शास्त्र. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, मी शास्त्राचं नाव पहिल्यांदाच काढलं.

६ एप्रिल, रविवार
फजिती. सविस्तर लिहितो.

शिरूर अनंतपाळला सौ.च्या थोरल्या बहिणीकडे निघालो होतो. शिरूरच्या अलीकडे फाटा आहे, तिथं रस्त्यात घागरींची रांग आडवी लावलेली. दहा-पंधरा बायका. थांबलो. त्यातली एक, काटक, कमरेला पदर खोचलेली, तरातरा डाव्या बाजूला गेली, दार बघितलं आणि मागं वळून ओरडली, "आल्या गं! टंचाईच्या बाई आल्या!"

वाटेत वाऱ्यानं आणखी पापुद्रे गेले होते. आख्खं दार उघडं पडलं होतं. वर 'पाणीटंचाई', खाली बारीक अक्षरात 'शासकीय कामाकरिता'. त्या ठेकेदारानं गाडी कधीतरी दुष्काळाच्या कामाला सरकारकडे भाड्यानं लावली असणार. मी तपासलेल्या एकाही कागदात ते नव्हतं.

बाईचं नाव कोंडाबाई. माळावर वीस-बावीस घरांची वस्ती. "टँकर खालच्या गावातच रिकामा होतोय, माय. वर चढतच न्हाई. यादीत आमचं नाव हाय, तलाठी म्हणतो हाय. पर नाव प्यावं का आम्ही?"

मी खिडकीतून म्हटलं, अहो, आम्ही सरकारी नाही. कोंडाबाई मला म्हणाली, "तू गप रे डायव्हर. बाईंना बोलू दे."

सौ. उतरली. आधी दार वाचलं. सावकाश, बोट फिरवून. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "जन्मला वाटतं."

नंतर तासभर ती त्या बायकांशी बोलत उभी होती. बहिणीकडे जेवायला पोचलो तीन वाजता.

८ एप्रिल
दोन दिवस बोलणं बंद. भांडली असती तर बरं झालं असतं. आज भाकरी वाढताना एकदम म्हणाली, "त्या पोरींच्या डोक्याला टक्कल पडायलंय घागरींनी. दोन कोस चालतात." म्हटलं, अर्ज करायला सांग. "तुमच्यासारख्याकडंच ना?"

लागलं. खोटं नाही, म्हणून जास्त लागलं. तेहतीस वर्षांत किती अर्जांवर 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' लिहिलं. पुढे काय झालं ते एकाचंही पाहिलं नाही. ते आपलं टेबलच नव्हतं.

१० एप्रिल, गुरुवार
सौ.चा हुकूम, गाडी काढा. टँकरचे वार सोमवार आणि गुरुवार, हे तिनं परवाच विचारून ठेवलं होतं. साडेदहाला फाट्यावर उभे. टँकर आला तसा खालच्या गावाकडे वळू लागला. सौ.नं काच खाली केली, एवढंच विचारलं, "वस्तीवर कधी जातो?"

ड्रायव्हरनं दाराकडे पाहिलं. "निघालोच होतो, मॅडम."

आणि टँकर माळावर चढला. माझ्या डोळ्यांदेखत. बायकांनी आधी गोंधळ घातला, मग हसल्या, मग एक म्हातारी नुसती पाण्यात हात घालून बसून राहिली. सौ.ला माझं तोंड दिसू नये म्हणून मी टायरकडे बघत होतो.

टँकर रिकामा होईस्तोवर ड्रायव्हर माझ्याजवळ आला. बिडी पुढे केली. "मॅडम कडक हायेत का हो?"

"लई कडक."

"किती वर्सं हायेस त्यांच्याकडं?"

"पस्तीस."

"मग परमनंट असशील."

म्हटलं, अजून पेन्शनचं ठरलेलं नाही.

१२ एप्रिल
दलालाचं पोस्टकार्ड. माझ्या अकरा मुद्द्यांना तीन ओळी. 'कागद आपण स्वतः तपासले. सर्व बरोबर असल्याचे आपणच म्हणालात. दाराविषयी आपण काही विचारले नाही.'

कायद्यानं त्याचं बरोबर आहे. मीही असंच उत्तर लिहिलं असतं. म्हणून तर अंगाची लाही होते.

२१ एप्रिल, सोमवार
आज चौथी फेरी. आमचं ठरून गेलं आहे. साडेदहा ते साडेअकरा माळावर. सौ. वही घेऊन बसते, घरटी घागरी लिहिते. मी गाडीजवळ सावलीत. कोंडाबाईनं आज ताक दिलं. सौ.ला फुलपात्रात, मला डब्याच्या झाकणात.

सौ.ला परत परत बजावतो की हे सरकारी अधिकारी असल्याच्या बतावणीत मोडतं. ती म्हणते, "मी कुठं म्हणाले मी सायब हाय? मी इचारते, पाणी कधी येणार. इचारायला बी हुद्दा लागतो का?"



२४ एप्रिल, गुरुवार
पंक्चर. शिरूरला पोचेस्तोवर एक वाजला. टँकर वस्तीवर गेलाच नाही. माळावर गाडी दिसली नाही म्हणून खालीच मोकळा करून परत. कोंडाबाईनं रिकाम्या घागरी आमच्या गाडीपाशी आणून ठेवल्या, ओळीनं.

२६ एप्रिल
गोविंद घरी आला. माझ्याच हाताखाली शिकलेला, आता जिल्हा परिषदेत पेन्शनचं टेबल त्याच्याकडे. पेढे घेऊन आला. सेवापुस्तक सापडलं! उस्मानाबादेत एका गठ्ठ्याखाली टेबलाच्या पायाला टेकू म्हणून. आठवड्यात सही होईल म्हणाला. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा सौ.नं माझ्या हातात पेढा ठेवला, तोंडात नाही, पण हातात.

मग गोविंदनं आवाज खाली आणला. "अप्पा, एक तक्रार आलीय. टँकरच्या ठेकेदाराची. खाजगी गाडीवर सरकारी अक्षरं, आन् एक बाई तपासणी करत फिरून राहिली म्हणं. गाडीचा नंबर..." त्यानं नंबर सांगितला. मला पाठच होता.

३० एप्रिल
जिल्हा परिषदेची नोटीस. 'सदर वाहनावरील मजकुराबाबत सोमवार दि. ५ मे रोजी सकाळी अकरा वाजता समक्ष हजर राहून खुलासा करावा.' भाषा चांगली आहे. असा मसुदा मी शेकड्यांनी केला. आपल्या नावानं आला की अक्षरं वेगळी दिसतात.

गोविंदचा निरोप: गैरहजर राहू नका. राहिलात तर पेन्शनची फाईल त्याखालीच अडकेल. आधी दार रंगवा, मग या, हात जोडा, मिटेल.

सोमवार, अकरा. टँकरही सोमवारीच. त्याच वेळेला.

२ मे
हमीदमिस्त्री क्रीम रंगाचा डबा, पॉलिशपेपर घेऊन आला. सौ. ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "रंगवा. तुमची पेन्शन हाय, तुमची गाडी हाय." आणि तांदूळ इतक्या जोरात पाखडले की चिमण्या उडाल्या.

मी दारासमोर उकिडवा बसलो. अर्धा तास. हमीद म्हणाला, "अप्पा, रंग वाळून चालला." शेवटी मी दोनच शब्दांवर बोट ठेवलं. "हे खालचं पुसून टाक. 'शासकीय कामाकरिता.' हे खोटं आहे."

"आन् वरचं?"

"वरचं राहू दे. पाणीटंचाई हा काही हुद्दा नव्हे. ती आहे."

हमीद हसला. लाल रंगाची कुपी काढून म्हणाला, मग जरा ठळक करून देतो, त्याचे पैसे नकोत. मागं तांदळाचा आवाज थांबला होता.

४ मे
खुलासा लिहिला. चार वेळा खोडला. अंतिम:
'सदर मजकूर अर्जदाराने लिहिलेला नसून खरेदीच्या वेळी रंगाखाली दडवलेला होता. शासकीय कामाचा उल्लेख काढून टाकला आहे. उर्वरित मजकूर वस्तुस्थितीला धरून असल्याने ठेवला आहे. अर्जदाराची पत्नी कोणतेही पद धारण करत नाही. ती विचारते.'

शेवटचं वाक्य नियमात बसत नाही. तेवढंच आवडलं.

खाली सवयीनं 'योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर' लिहिलं होतं. खोडलं.

गोविंदकडे खुलासा देऊन आलो. म्हटलं, उद्या साहेबांपुढे ठेव. "आन् तुम्ही?" म्हटलं, जमलं तर दुपारपर्यंत येतो. तो डोक्याला हात लावून बसला.

५ मे, सोमवार
गाडीतच लिहितो आहे. माळावर. सकाळी निघताना सौ.नं विचारलं, "आधी कुठं? कचेरी का?" मी मागचं डावं दार उघडून धरलं. पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच. ती बसली आणि पदरानं डोळे पुसत म्हणाली, "धूळ लई झालीय."

दहा पन्नास. वस्तीवर सगळ्या घागरी मांडून झाल्या. कोंडाबाई म्हणते, खालच्या गावात कुणीतरी सांगितलंय की ही गाडी खरी नाही, गाडीवरचं सरकारी नाव पुसलंय. ड्रायव्हरलाही कळलं असेल. "खरी न्हाई म्हंजे?" सौ. म्हणाली, "चालती की."

अकरा. लातूरला आत्ता माझं नाव पुकारत असतील. अक्षर बिघडलं आहे.

खाली फाट्यावर धूळ दिसते. टँकर आहे. थांबला आहे. ड्रायव्हर खाली उतरून, डोळ्यांवर हात धरून इकडे, दाराकडे बघतो आहे. सौ. गाडीतून उतरून उन्हात उभी राहिली आहे. तिच्याशेजारी कोंडाबाई. आता बाकीच्या बायकाही.

मीही उतरतो.