राडोस्तिना बोलेपर्यंत

७ फेब्रुवारी
राडोस्तिनाची आई भेटून गेली. म्हणाली, घरी पोरीच्या तोंडाचा पट्टा चालू असतो, शाळेत मात्र सप्टेंबरपासून अवाक्षर नाही. मार्चपर्यंत बोलली नाही तर या शाळेतून नाव काढून घेणार आणि दुसऱ्या गावच्या शाळेत घालणार. रोज दोन तास बस. नऊ वर्षांची पोर! असं मी होऊ देणार नाही. मुलांना वर्ग आपला वाटला पाहिजे, आणि ते माझ्याइतकं कुणाला जमतं?
संकल्प : हसणे. आवाज न चढवणे.

८ फेब्रुवारी, सकाळी ८.१०
हसलो. पहिल्या बाकावरची पोरं मागे सरकली. सवय नाही त्यांना.

९ फेब्रुवारी
भीड मोडावी म्हणून राडोस्तिनाला फळ्यापाशी बोलावलं. आता रोज बोलावणार. हातात घड्याळ धरून चार मिनिटं वाट पाहिली, अजिबात न रागावता. दुसरा कुणी असता तर ओरडला असता. शेवटी नाइलाजाने दोन मार्क. आमच्याकडे दोन म्हणजे नापास, पण मी हिरव्या शाईने लिहिले.

१४ फेब्रुवारी
हजेरीची वही उघडून नावांवरून सावकाश बोट फिरवतो, तेव्हा वर्गात कुणी श्वासही घेत नाही. काय ही एकाग्रता!
राडोस्तिना : पुन्हा दोन.

२० फेब्रुवारी
बाकं गोलात मांडली. मी मधोमध. आता कुणाला कुणामागे लपता येत नाही. राडोस्तिनाला उलटी झाली. कॅन्टीनमधली चीज भरलेली बनित्सा शिळी असणार. तक्रार करणे.
झाडलोट करणाऱ्या स्तामेना मावशी लादी पुसताना म्हणाल्या, "सर, असे मधे फिरू नका हो. खुराड्यात कोल्हा शिरल्यासारखं दिसतं." शिक्षणशास्त्र न शिकलेल्यांशी वाद कशाला घाला?

२७ फेब्रुवारी
मधल्या सुट्टीत जिन्याखाली, मावशींच्या खोलीत कुणीतरी मुलगी नुसती बडबडत होती. दार उघडलं तर एकदम गप्प. राडोस्तिना! म्हणजे माझ्या प्रयत्नांना यश येतंय.

२८ फेब्रुवारी
उद्या एक मार्च. मुलं आवडत्या माणसांच्या मनगटावर मार्तेनित्सा बांधतील, लाल-पांढरे दोरे. मला दरवर्षी कमी मिळतात, कारण थंडीमुळे माझ्या बाह्या लांब असतात, मनगट दिसतच नाही. यंदा अर्ध्या बाह्या.

१ मार्च
दिवसभर कुडकुडलो. मावशींचा हात कोपरापर्यंत लाल-पांढरा, माझा मोकळा.
शेवटच्या तासाला राडोस्तिना आपणहून उठून आली. माझ्या मनगटावर दोरा बांधला. आणि बोलली. अगदी स्पष्ट.
"सर, आता मला फळ्यापाशी नाही ना बोलावणार?"
मी म्हणालो, नाही बोलावणार. त्याबरोबर वर्गात खुसपूस झाली, दप्तरं उघडली आणि माझ्यासमोर रांग लागली. मावशींसाठी, आपापल्या आईसाठी आणलेले दोरे पोरांनी मला बांधले. बांधताना प्रत्येकाने तेच विचारलं.
मला रडू आलं. पोरं आणखीच घाबरली.
संध्याकाळी राडोस्तिनाच्या आईचा फोन येणार. पोरगी बोलली, हे सांगायलाच हवं. काय बोलली, ते ती विचारेलच.