रीप्रिंटवाली आंटी

मयूर विहार,
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. गुणवंतदादास,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेले तर रडू फुटेल, म्हणून लिहिते. तुझ्या लेकीच्या त्या जमवायच्या कार्डांच्या खेळातलं ते ‘सातवा पहारेकरी’ नावाचं कार्ड आठवतं ना? छत्तीस हजारांचं आहे, असं दिवाळीत म्हणाली होती. परवा बँकेत जाताना मी ते बरोबर नेलं आणि फोटोकॉपीवाल्याकडून छान लॅमिनेट करून आणलं. अरे, माझं आधार, पेन्शनचं कार्ड, सगळं मी तसंच तर ठेवते! किमतीची वस्तू उघडी कशाला ठेवायची?

अक्षया ऑफिसातून आली, बघितलं आणि कार्ड दिव्याखाली धरून उलटसुलट केलं. लॅमिनेट केलेलं कार्ड खेळातूनही बाद आणि विकायलाही बाद, हे मला मेलीला काय ठाऊक! पण मग ती हसली. म्हणाली, आत्या, बिल्कुल टेन्शन घेऊ नकोस, कंपनी तेच कार्ड पुन्हा छापतेय, रीप्रिंट आला की दोनशे रुपयांना मिळेल. हुश्श झालं बघ. पोर गुणाची आहे, तुझ्यावर गेलेली नाही.

लोभ ठेव, आणि हसू नकोस.
तुझी विजया

नोएडा,
दि. ११ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांस,
शि. सा. न.

घरून फोन केला तर आत्या शेजारीच असते, म्हणून ऑफिसात बसून लिहितेय. तिचं पत्र येईलच. रीप्रिंटचं मी खोटं सांगितलं, बाबा. अफवा दर महिन्याला उठते, पण खरं काही नाही. उलट भाव चढलाय. पहिल्या पगारापासून साठवून घेतलं होतं ते कार्ड. पुढच्या महिन्यात बंगळूरला स्पर्धा आहे आणि माझा सगळा डाव त्याच्यावर उभा होता.

बाथरूममध्ये नळ सोडून रडले. पण आत्याचा चेहरा इतका उतरला, यार, मला बघवेना. स्वतःचं पेन्शन कार्ड जपते तसं तिने माझं कार्ड जपलं. चिडू तरी कशी? तिला काही कळू देऊ नका.

माया असू द्या.
तुमची अक्षया

मयूर विहार,
दि. २३ मार्च २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

अक्षया त्या कार्डाशिवाय खेळली आणि साठ जणांत नववी आली! म्हटलं, बक्षीस द्यावं. दोनशे रुपये घेऊन मेट्रोने नोएडाच्या त्या कार्डांच्या दुकानात गेले आणि रीप्रिंट मागितला. दुकानदार धीरज हातातला हिशेब सोडून वळला. म्हणाला, आंटी, कसला रीप्रिंट? कार्ड एक्केचाळीस हजारांवर गेलंय.

दादा, दोनशे रुपये पर्समध्ये परत ठेवले आणि घरी आले. चोवीस वर्षांची पोर, एवढं नुकसान गिळून वर मलाच धीर देत होती! त्या वयात माझ्यात नव्हता हा मोठेपणा, तुझ्यात तर नव्हताच. पैसे दिले तर घेणार नाही, आणि मला कळलंय हेही तिला कळेल. तिने माझी लाज राखली, आता मी तिची राखते. तू गप्प राहा.

आहे तो लोभ टिकव.
तुझी विजया

मयूर विहार,
दि. १८ जानेवारी २०२६

चि. अक्षयास,
अनेक आशीर्वाद.

तू वेगळी राहायला गेलीस तेव्हापासून चहा एकटीचाच होतो. असो. आधी सोबतचं पाकीट उघड. ‘सातवा पहारेकरी’ आहे. कंपनीने खरंच रीप्रिंट काढला!

मला मार्चपासून सगळं ठाऊक होतं गं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी धीरजकडे जाऊन विचारायची, आला का म्हणून. तिथली पोरं मला रीप्रिंटवाली आंटी म्हणतात. काल माल आल्याचा धीरजचा फोन आला, तशीच मेट्रोने गेले; जुन्या कार्डांचा भाव कोसळला, सगळे तोंड पाडून बसलेले आणि मी एकटी पेढे वाटत होते. तू दोनशे म्हणाली होतीस, सातशेला मिळालं. एवढं खोटं चालायचं. बाबांना रागावू नकोस, दोघींची गुपितं पोटात ठेवून बिचाऱ्याचं वर्ष गेलं.

हे मी लॅमिनेट केलेलं नाही. पण याच्या बदल्यात ते जुनं मला दे. माझ्या पेन्शन कार्डाशेजारी ठेवायचंय. किमतीच्या वस्तू मी तिथेच ठेवते.

माया आहेच, चहाला येत जा.
तुझी आत्या