मी यांना ओळखत नाही

बाईसाहेब (आता असंच म्हणायचं ना?),

काल तुझ्या कार्यालयात मीच आलो होतो, लढ्यातल्या सैनिकांच्या नोंदणीचा अर्ज घेऊन. डोंगरात आपल्या सगळ्यांची नावं खोटी होती, म्हणून हा माणूस आमच्यातलाच, अशी तुकडीप्रमुखाची सही लागते. माझी तुकडीप्रमुख तू. "डिग्री काय चाटायचीय?" म्हणत मला कॉलेजातून उठवून नेणारीही तूच.

अर्ज वाचून तू म्हणालीस, "मी यांना ओळखत नाही."

यांना! माझ्या तापात तीन दिवस माझं डोकं मांडीवर घेऊन बसलेली तू, आणि मी 'यांना'? टेबलावरची काच फोडावीशी वाटली.

शेजारचा कारकून हसला. "अहो, आपलं सरकार आल्यापासून जो तो डोंगरात होता म्हणतो. तुम्ही कामगिरी कुठली केलीत, ते तरी सांगा."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पूल मी उडवला होता, हुकूम तुझा होता. वर प्रवाशांनी भरलेली बस आहे हे दोघांनाही माहीत नव्हतं. आता पक्ष म्हणतो, तो पूल आम्ही उडवलाच नाही.

तू पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलंस. घाबरली होतीस.

"काहीच नाही केलं," मी म्हणालो. "तेव्हा कॉलेजात शिकत होतो." अर्ज फाडला आणि निघालो. कारकून अजून हसत असेल.

हे पत्र वर्तमानपत्राला द्यायचं म्हणून लिहायला बसलो होतो. चार वेळा लिहिलं. चारही वेळा तुझं नाव गाळलं.

तुझाच, पण हे कुणाला सांगू नकोस.