माणसं टिकवण्याची मोहीम

३ मार्च, सोमवार
डायरेक्टर विबेकेबाईंनी बोलावून बजावलं, आपल्या बँकेच्या जोखीम विभागातली पाच माणसं कुठल्याही परिस्थितीत टिकली पाहिजेत. कालव्यापलीकडच्या बँकेचा त्यांच्यावर डोळा आहे. म्हटलं, निर्धास्त राहा. माणसं नेमणाऱ्या-सांभाळणाऱ्या टॅलेंट विभागात अकरा वर्षं काही उगाच काढली नाहीत. नवी कल्पना: माणूस निघाल्यावर 'का चाललास' विचारण्यापेक्षा आधीच 'का राहतोस' विचारायचं. मला हे असं सुचतं कसं, कुणास ठाऊक.
संकल्प: गोड बंद.

५ मार्च
पहिली बोडिल. एकोणीस वर्षं इथेच. विचारलं, तू इथे का राहतेस? खिडकीतून बंदराकडे बघायला लागली. म्हणाली, प्रेबेन, हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं रे. डोळे पाणावले होते. याला म्हणतात निष्ठा.

६ मार्च
बोडिलचा राजीनामा. योगायोग. निरोपाचा केक. एकच तुकडा, तोही तिचं मन राखायला.

१० मार्च
एस्बेन. राहण्याची कारणं लिहून काढ म्हटलं. अर्ध्या तासात एक सापडलं: सायकल ठेवायला छप्पर आहे. मग मीच तीन सुचवली. त्याने तिन्ही खोडली, तीही मुद्देसूद. असा तल्लख पोरगा आपल्याकडे आहे, अभिमान वाटला.

११ मार्च
एस्बेन चालला. पलीकडेही छप्पर आहे म्हणे. केक. दोन तुकडे.

१७ मार्च
वेळ वाचावा म्हणून उरलेल्या तिघांना एकत्रच बसवलं. एकमेकांची उत्तरं ऐकून तिघं इतके हसले की मलाही आवरेना. वातावरण फारच खेळीमेळीचं. दुपारी तीन राजीनामे, एकाच पाकिटात. सांघिक भावना मीच रुजवली आहे.

१८ मार्च, संध्याकाळी ७
सरावासाठी बायकोला विचारलं, तू माझ्याबरोबर का राहतेस? सोल्वाई म्हणाली, तो मासा साफ कर मुकाट्यानं, आणि असले प्रश्न घरात आणू नकोस.
केला साफ.

२० मार्च
विबेके रागावतील असं वाटलं होतं. उलट शांत. म्हणाल्या, तू सगळ्यांना विचारतोस तरी काय, एकदा मला विचार बघू. विचारलं. त्यांनी कारणं बोटांवर मोजायला घेतली आणि पहिल्याच बोटावर थांबल्या.

२१ मार्च
विबेके नोकरी सोडून साम्सो बेटावर बहिणीकडे बटाटे लावायला चालल्या. चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसत होता. केक मोजला नाही.

२४ मार्च
मजल्यावर मी एकटाच. विचारायला कुणी उरलं नाही, म्हणून स्वतःलाच विचारलं. दहा मिनिटांत पलीकडच्या बँकेत अर्ज धाडला. पद्धत अचूक आहे, यात आता शंका नाही.

२७ मार्च
पलीकडच्या भरतीप्रमुख मरेटेबाईंचा स्वतःहून फोन. आवाजात साखर. त्यांच्या अख्ख्या बँकेत माझं नाव निघतं म्हणे. पाचही जण मजेत आहेत. मी कधी रुजू होऊ शकतो ते सांगायला लागलो. त्या म्हणाल्या, छे छे, तुम्ही आहात तिथेच राहा. तिथे नवी माणसं येतील ना, त्यांच्याशीही असंच मोकळेपणानं बोला.
राहतोय.
संचालक मंडळाला अहवाल पाठवला: मोहीम यशस्वी. एक माणूस टिकला.