ठकीचे चाळीस फोटो

३ जानेवारी
भूत म्हणाली! माझ्या फोटोला भूत! "वन्सं, पोर कुठंय यात? नुसतं पीठ फासलेलं भूत दिसतंय." भाऊ खो-खो हसला. बायकोचा बैल! कॅमेरा माझा, कष्ट माझे, भाची माझी — आणि भावजय दारी येईल त्याला ते भूत दाखवत सुटलीय. महाराणी!
ठकीच्या दुसऱ्या वाढदिवसाला बाहेरच्या खोलीत तिचा मोठा फोटो लावायचाय. महाराणी म्हणते, स्टुडिओवाल्यालाच बोलवू. बोलव तर खरं! त्या भिंतीवर लागेल तो फोटो माझाच.

५ जानेवारी
कॅमेऱ्याच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "बाई, नाकाशी धरून फ्लॅश मारलात तर चेहरा पांढरा पडणारच. सहा-सात फूट मागं सरका, मग झूम करा. फ्लॅशवर पातळ कागद लावा. आणि हे उजेडाच्या अधिक-उण्याचं बटण — एक घर उणे." सगळं माहितीपुस्तकात आहे म्हणे. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांची प्रुफं तपासते, आणि हे एवढंसं पुस्तक उघडलं नाही.

११ जानेवारी
जमलं! गाल गालासारखे, फ्रॉकवरची फुलंसुद्धा दिसतात. मागची भिंत काळी येत होती, म्हणून खोलीतले सगळे दिवे लावले.
पण खोट काढल्याशिवाय महाराणीला घास गिळत नाही. "एक डोळा लाल, एक पांढरा — असं का हो?"
फ्लॅशमुळं, म्हटलं.
"मग दोन्ही लाल हवेत ना?"
आली मोठी शहाणी!

१२ जानेवारी
आणखी दहा काढले. लाल डोळे घालवायचं सेटिंगही लावलं. उजवा काळा झाला. डावा पांढरा तो पांढराच.

१९ जानेवारी
कॉम्प्युटरवर बसले आणि उजव्या डोळ्याचा काळा रंग उचलून डाव्यात भरला. किती का मोठा करून बघा, कळणार नाही. चुका दुरुस्त करायचाच तर पगार मिळतो मला.

२ फेब्रुवारी
आता सगळेच फोटो तसे करते. मूळचे पुसून टाकले. तिच्या हाती कोलीत कशाला द्या?

१६ फेब्रुवारी
वाढदिवस. भिंतीवर माझा फोटो! शेजारीण म्हणाली, "डोळे काय टपोरे काळेभोर हो पोरीचे!" महाराणीचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. जिरली!

१ मार्च
ठकी पुन्हा दाराच्या चौकटीवर आपटली. या आठवड्यात तिसऱ्यांदा, डाव्याच बाजूनं. महाराणी माझ्यावर कडाडली, "तुमच्या त्या फ्लॅशनं पोरीचे डोळे बिघडले! उद्याच डॉक्टरकडे नेते."
ने की! मी पण येते. फ्लॅशचा दोष नाही हे डॉक्टरांच्याच तोंडून ऐक.

२ मार्च
डॉक्टर म्हणाले, फ्लॅशचा काही दोष नाही.
ठकीच्या डाव्या डोळ्यात, आत, गाठ आहे. असा डोळा फ्लॅशच्या फोटोत पांढरा चमकतो. "कधीपासून दिसतंय? उपचार त्यावर ठरवायचेत. घरचे फोटो आणा, तारखेवार लावून."
चाळीस फोटो आहेत. चाळीसही फोटोंत दोन्ही डोळे काळेभोर.
बाहेर आल्यावर सांगून टाकलं तिला — रंग, पुसलेले फोटो, सगळं. वाटलं, थोबाडीत मारेल. मारायला हवी होती. ठकीला छातीशी धरून एवढंच म्हणाली, "मी विचारलं होतं हो तुम्हाला. कधी विचारलं, ते आठवत नाही मला."

३ मार्च
तारीख या वहीत आहे. वही तिच्या हातात देते, आहे तशी. एक ओळही खोडणार नाही.