लांडग्याच्या तोंडात

२० जून
शेवटच्या वर्षाची लेखी संपली. तोंडीचा क्रम ठरवायला आडनावाच्या अक्षराची चिठ्ठी काढली — झेड! हजेरीत जन्मभर शेवटची असलेली मी, एलेत्रा झानार्दो, सगळ्यांच्या आधी आत!

जेवताना सांगितलं. बाबा ताटातून मान वर न काढता म्हणाले, "तिसऱ्या मजल्यावरची ती खोली ना? भट्टी आहे नुसती." यांना काय माहीत? गाड्यांचे पत्रे ठोकतात दिवसभर. शाळेच्या पालकसभेला नेहमी आईच.

२१ जून
बाबांचं पुन्हा तेच! "मेलेली भाषा! मेलेले लोक गाड्या दुरुस्तीला आणतात का?" म्हटलं, मला पादोवाच्या विद्यापीठात जाऊन लॅटिनच शिकायचंय. "तोंडीला टिकलीस तर जा. नाहीतर गॅरेजचं काउंटर आहेच." आई ओरडली, "नेव्हियो, पुरे आता!"

राग आला, पण त्याहून भीतीच जास्त. कारण मला उत्तर देता आलं नाही. काय उपयोग? मला आवडते, एवढंच. एखादी ओळ तासभर दाद देत नाही, मग अचानक दोन हजार वर्षांपूर्वीचा कुणी माणूस शेजारी बसून बोलायला लागतो. हे बाबांना सांगू? हसतील.

२३ जून
झोप नाही. वाचलेलं सगळं पुसलं गेलंय.

२४ जून
उद्या!

जोयाचा फोन. "लांडग्याच्या तोंडात जा, बये!" मी म्हटलं, "मरो लांडगा!" परीक्षेआधी एवढंच बोलायचं. शुभेच्छा दिल्या की अपशकुन — शेंबड्या पोरालाही कळतं हे! आणि बाबांनी जिन्यात गाठून काय म्हणावं? "शुभेच्छा, एलेत्रा."

अपशकुन उतरावा म्हणून धावत जाऊन लोखंडी कठड्याला हात लावला, लोखंडाला शिवलं की टळतो म्हणतात. मी आपटावं असंच वाटतंय त्यांना. सख्खा बाप!

२५ जून
झाली तोंडी!

परीक्षकांसमोर बसायला जाताना खिडकीतून खाली दिसली आमची गॅरेजची व्हॅन. इंजिन चालू! आत बाबा. मला काउंटरवर न्यायला आजच मुहूर्त! डोकं रिकामं झालं.

बाहेरगावच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, "पाच वर्षं लॅटिन केलंत. हाती काय लागलं?" मागे दार सताड उघडं. पळावंसं वाटलं, अगदी खरं सांगते. पाय उचललासुद्धा.

मग तोंडून निघालं, "वाक्य अर्ध्यावर असताना काहीच कळत नाही. भीती वाटते. पण सोडायचं नाही, शेवटपर्यंत जायचं. मग अर्थ लागतो. दुसऱ्या कशात मला एवढा धीर धरता येत नाही." आमच्या लॅटिनच्या मार्केसिनबाई चष्मा काढून पुसत बसल्या.

टिकले! खाली आले तर व्हॅन निघून गेली होती.

२६ जून
बाबा बोलले आज. त्याच खोलीच्या दारातून ते त्यांच्या तोंडीच्या दिवशी पळाले होते. परत कधी गेलेच नाहीत.

"मग शुभेच्छा कशाला दिल्या?"

"मला सगळ्यांनी 'लांडग्याच्या तोंडात जा' असंच म्हटलं होतं. काय झालं बघितलंस ना? म्हटलं, तुला दुसरं काहीतरी म्हणावं."

"आणि व्हॅन?"

"पळून आली असतीस तर... मी घरापर्यंत रडत चालत गेलो होतो गं. तुला चालायला लागू नये."