हवेची नवी लाइन

सोमवार, ९ मार्च

ती. दादा,

नमस्कार. तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते आहे. इकडे सगळे ठीक. आईचे गुडघे तसेच. बाबांचा उजवा डोळा चांगला आहे, त्याच्यावर ताण देऊ नका एवढंच डॉक्टर म्हणाले. तुमचं दोघांचं तिथे बस्तान बसलं असेल. वहिनीला आठवण सांग.

बातमी एकच. वर्कशॉपमध्ये हवेची लाइन पुन्हा टाकली, या वेळी तांब्याची. तू गेल्यापासून दोन वर्षं कॉम्प्रेसरपासून रबरी नळी जमिनीवर लोळवत कपाटं रंगवत होतो. दिवसातून चारदा कुणीतरी अडखळायचं. शेवटी बाबाच म्हणाले, तांबं आणू. तांबं फुटलं तर चिरतं, प्लास्टिकसारखे तुकडे उडत नाहीत.

जोडांना डाग दिला नाही. रंगाच्या खोलीशेजारी पेटती ज्योत नको म्हणून आवळून बसवायचे पितळी सांधे घेतले. पाइप कापायचा, कडेची धार घासायची, आधी नट आणि मग रिंग चढवायची, पाइप आत टेकेपर्यंत घालायचा. नट हातानं आवळायचा, नंतर पान्यानं सव्वा फेरा, बस्स. जास्त जोर केला तर रिंग चेपते आणि तिथूनच गळतं. कॉम्प्रेसरजवळ लवचीक तुकडा ठेवला, नाहीतर थरथरीनं सांधे सैल होतात. पाइपला उतार दिला आणि टोकाला, हवेतून साचणारं पाणी सोडायची तोटी.

एका पान्यानं मी सांधा धरायची, दुसऱ्यानं बाबा नट फिरवायचे. एका डोळ्यानं त्यांना अंतर कळत नाही. पाना नटाच्या दोन बोटं अलीकडेच हवेत फिरायचा. मग ते डाव्या हातानं नट चाचपायचे आणि पाना बोटांवरून सरकवत आणायचे. अशा बावीस जोडण्या. मी मोजत होते. वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. दोन वर्षं असंच आहे. जेवते, झोपते, दारं रंगवते.

दादा, आता त्या दिवसाचं लिहिते.

सकाळपासून माझी रंगाची गन खोकत होती. रंग थेंबाथेंबानं उडत होता, सहा दारं फुकट गेली होती. तुला हाक मारली तर तू फाटकाशी लाकूड उतरवून घेत होतास. मी कॉम्प्रेसरपाशी गेले आणि दाबाचा खटका तुझ्या लाल खुणेवरून पुढे फिरवला. सहावरून दहावर. गन सुरळीत चालली. एक दार रंगवून झालं, दुसरं घेतलं, आणि बाबांच्या टेबलावरचा पाइप फुटला. तुकडा त्यांच्या डाव्या डोळ्यात गेला.

तू धावत आलास. बाबांना गाडीत घातलंस, आणि दवाखान्यातून परत आल्यावर सगळ्यात आधी कॉम्प्रेसरकडे गेलास. खटका खुणेवर होता. तू म्हणालास, "सहावरच फुटला. म्हणजे माझाच जोड कच्चा." मी शेजारी उभी होते. तू माझ्याकडे बघितलंसही.

प्लास्टिक वाईट होतंच, ते तू आणलंस, हे खरं. पण सहावर ते तीन वर्षं टिकलं होतं.

काल लाइनमध्ये हवा सोडली. बाबा साबणाच्या पाण्याचा बोळा एकेका सांध्यावर फिरवत होते. कुठेच बुडबुडा नाही. शेवटच्या सांध्यावर ते म्हणाले, "बघ, इतकं सोपं. थोरल्याला हे का जमू नये?"

मी म्हटलं, "त्याचा जोड नव्हता, बाबा. मी दाब वाढवला होता."

"किती?"

"दहा."

"पण खटका तर खुणेवर होता."

"मी परत आणला."

त्यांनी बोळा सांध्यावर तसाच दाबून धरला. बोळ्यातलं पाणी त्यांच्या मनगटावरून बाहीत चाललं होतं. मग त्यांनी विचारलं, "माझ्याकडे यायच्या आधी, की नंतर?"

मी म्हटलं, "आधी."

त्यांनी सांधा कोरड्या फडक्यानं पुसला, बोळा पिळला, बादली उचलली. दारात थांबून म्हणाले, "त्याला लिही." तेव्हापासून बोललेले नाहीत. आज सकाळी स्वतःचा चहा त्यांनी स्वतः केला.

आईला अजून माहीत नाही. तू येणार असलास तर तुझ्यासमोर सांगेन. रविवारपर्यंत वाट बघते, नाहीतर एकटीच सांगते. वहिनीला हे पत्र वाचायला दे. तू तिला काय सांगून नेलं आहेस, याचा विचार मी आजवर केला नव्हता.

माफ कर असं लिहीत नाही. ते मागायला मी तुझ्या समोर उभी राहायला हवी.

तुझं घर ज्या बहिणीमुळे सुटलं,
ती